इंफाळची नाकेबंदी आणि आमची दुचाकी

मराठी माणसाला वेढा म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा आणि पुढे तीस वर्षांनी सुरू होऊन आठ वर्षे चाललेला जिंजीचा वेढा आम्ही शाळेत पाठ केले. किल्ल्यांची आणि सरदारांची नावे बिनचूक लिहून गुणही मिळविले. परंतु 'रसद तुटली' ह्या दोन शब्दांत नेमके काय तुटते, हे आम्हांस वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे २०११ साली कळले. तेही एखाद्या गडावर नव्हे, तर मणिपूर राज्याच्या राजधानीत, एका पेट्रोल पंपासमोरच्या पदपथावर, आपल्याच मोटारसायकलीच्या बैठकीवर डोके टेकून रात्र काढीत असताना.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळींनी सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. इतिहास हा विषय घेऊन आम्ही बी. ए. झालो खरे, पण त्यानंतरचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या एका खात्यात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले. तथापि ज्या घटनेचे आम्ही साक्षी होतो, तिचा इतिहास मराठीत फारसा कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. आणि आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांनी ईशान्येकडे नोकरीची वर्षे काढलेली असल्यामुळे त्यांना तो परकाही वाटणार नाही. म्हणून हा उपद्व्याप.

मणिपूरची भूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मधोमध इंफाळचे सपाट खोरे, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर, आणि चहूबाजूंनी डोंगरांची कडी. राज्याच्या क्षेत्रफळाचा जेमतेम दहावा हिस्सा म्हणजे हे खोरे, पण निम्म्याहून अधिक वस्ती त्यातच. खोऱ्यात प्रामुख्याने मैतेई, डोंगरांत नागा आणि कुकी समाजाच्या अनेक जमाती. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वाटा मुख्यत्वे दोन. एक उत्तरेस कोहिमावरून दिमापूरच्या रेल्वे स्थानकाकडे जाणारी, दोनशे किलोमीटरहून थोडी अधिक. तिला सारे जण राष्ट्रीय महामार्ग ३९ म्हणत. दुसरी पश्चिमेस जिरीबामवरून सिलचरकडे जाणारी, महामार्ग ५३. २०१० साली देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्या अनुक्रमे २ आणि ३७ झाल्या. पण लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक राहिले, आणि ह्या लेखातही तेच राहोत. तिसरी वाट आग्नेयेस मोरे गावावरून ब्रह्मदेशात उतरते. तिच्याकडे पुढे येऊ. ह्या वाटांचा बराचसा भाग डोंगरी जमातींच्या मुलखातून जातो. त्यामुळे ज्याला इंफाळला काही ऐकवावयाचे आहे, त्याने रस्त्यावर येऊन बसावे, ही रीत तेथे पडून गेली.

ह्या रस्त्याने पूर्वीही इतिहास घडविला आहे. १९३९ च्या डिसेंबरात खोऱ्यातला तांदूळ बाहेर जाऊ लागला आणि घरचे हंडे रिकामे पडू लागले, तेव्हा इंफाळच्या बाजारातल्या बायका तांदळाची निर्यात रोखण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. तो लढा 'नुपी लान', म्हणजे स्त्रियांचे युद्ध, ह्या नावाने ओळखला जातो आणि १२ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. त्यानंतर पाचच वर्षांनी उलट प्रसंग ओढवला. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळ-कोहिमा रस्ता तोडला. २२ जूनला तो पुन्हा खुला होईपर्यंत जवळजवळ तीन महिने इंफाळमधील फौज विमानांतून उतरणाऱ्या रसदीवर जगली. शिधा कमी करण्यात आला. ह्या वेढ्याच्या आरंभी उखरूलच्या वाटेवर सांगशाक येथे ज्या तुकड्यांनी जपान्यांना काही दिवस थोपवून धरले, त्यांत मराठा पलटणीची, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची, चौथी बटालियन होती. आम्ही तेथे गेलो होतो. डोंगरमाथ्यावरून वाऱ्याचा आवाज येत होता. सातारा-कोल्हापूरकडच्या कुणब्यांच्या पोरांनी हा डोंगर लढविला, हे जाणूनही ते खरे वाटेना.

आमची बदली इंफाळला झाली ती जुलै २०१० मध्ये. त्याआधीच, म्हणजे एप्रिल ते जून २०१० मध्ये, दोन महिन्यांहून अधिक काळ एक नाकेबंदी होऊन गेली होती. २००५ साली बावन्न दिवसांची एक झाली होती. सहकारी त्यांच्याविषयी अशा स्वरात बोलत, जशा आपल्याकडची वडीलधारी मंडळी बहात्तरच्या दुष्काळाविषयी बोलतात. आम्ही ऐकून घेत होतो आणि मनात म्हणत होतो, होऊन गेले ते गेले.

सामानाबरोबर आम्ही आमची मोटारसायकल नेली होती. बजाजची, शंभर सीसीची, वाळूजच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. आणि तिच्यावर एमएच २० ही तेव्हाच्या औरंगाबादची अक्षरे. (आता ते शहर छत्रपती संभाजीनगर झाले आहे, गाडीच्या पाटीला त्याचे सोयरसुतक नाही.) आगगाडीने दिमापूरपर्यंत आणि तेथून मालमोटारीत उभी करून ती इंफाळला पोहोचली. लाम्फेलच्या सरकारी वसाहतीत ती पाटी पाहून एकदा एक अनोळखी जवान थांबला आणि शुद्ध वऱ्हाडीत म्हणाला, "कुठचे हो तुम्ही?" त्या एका पाटीमुळे आम्हांस इंफाळात पाच-सहा मराठी घरे मिळाली.

आता २०११ च्या प्रकरणाकडे वळू. सेनापती जिल्ह्याच्या दक्षिण भागाला सदर हिल्स म्हणत. कुकीबहुल अशा ह्या भागाचा स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही मागणी कालची नव्हती. डोंगरी भागांसाठी जिल्हा परिषदांचा कायदा १९७१ मध्ये झाला, २१ जानेवारी १९७२ रोजी मणिपूर राज्य झाले, आणि सदर हिल्सला परिषद मिळाली. जिल्हा मात्र मिळाला नाही. साध्या दाखल्यासाठीही जिल्ह्याच्या दूरच्या ठाण्याला जावे लागे. आश्वासने मिळत राहिली. अखेर १ ऑगस्ट २०११ पासून सदर हिल्सच्या जिल्हा मागणी समितीने दोन्ही महामार्ग रोखले. नागा संघटनांना ही मागणी आपल्या भूमीचे तुकडे करणारी वाटली. म्हणून २१ ऑगस्टपासून युनायटेड नागा कौन्सिलने प्रतिनाकेबंदी सुरू केली. एकाने जिल्हा द्या म्हणून रस्ता अडवावा आणि दुसऱ्याने देऊ नका म्हणून तोच अडवावा, असा हा प्रकार. पहिली नाकेबंदी ऑक्टोबरच्या अखेरीस उठली, दुसरी नोव्हेंबरच्या अखेरीस. मिळून जवळजवळ चार महिने झाले.

ह्यात कोण चूक आणि कोण बरोबर, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की डोंगरातल्या माणसाचे गाऱ्हाणे खोटे नव्हते, आणि त्याच्या हाती रस्त्यावाचून दुसरे हत्यारही फारसे नव्हते. पण हत्यार चालते ते ज्याच्यावर धरलेले असते त्याच्यावरच नव्हे. रुग्णालयांतून औषधांची आणि प्राणवायूच्या नळकांड्यांची टंचाई भासू लागली, तेव्हा खाटेवरचा रोगी खोऱ्यातला की डोंगरातला, हे नाकेबंदी विचारीत नव्हती.

पहिल्या आठवड्यात कोणाला काही वाटले नाही. दुसऱ्या आठवड्यात पंपांवर दोर लागले. इंफाळच्या विमानतळाजवळ मालोम येथे इंडियन ऑइलचे कोठार आहे. तेथे किती टँकर आले, ह्याची बातमी आमच्याकडे पावसाच्या बातमीसारखी फिरू लागली. सरकार अधूनमधून सशस्त्र पहाऱ्यात जिरीबामच्या रस्त्याने मालमोटारींचे तांडे आणवी. तो रस्ता पावसाळ्यात चिखलाचा पाट होई. तांडा आला की दुसऱ्या दिवशी अमुक पंप उघडणार, अशी कुणकुण लागे, आणि त्या रात्रीच माणसे गाड्या ढकलीत रांगेत आणून लावीत. ढकलीत, कारण पंपापर्यंत जाण्यासाठी पेट्रोल जाळणे म्हणजे मूर्खपणा.

ह्या रांगांचे एक शास्त्र तयार झाले होते. गाडी रांगेत सोडून घरी जाऊन जेवून यायला हरकत नसे; शेजारचा माणूस ती पुढे सरकवी. चौदा-पंधरा वर्षांची पोरे दहा-वीस रुपयांवर रात्रभर दुसऱ्याच्या गाडीवर झोपत. स्कूटरवाल्या स्त्रियांची रांग निराळी, आणि ती पुरुषांच्या रांगेपेक्षा शिस्तीची. सकाळी पोलीस बांबूचे अडसर लावीत. नऊ-दहाच्या सुमारास पंप सुरू होई. आमच्या पंपावर दुचाकीला दोनशे रुपयांचे पेट्रोल मिळे, त्याहून अधिक नाही. आणि बऱ्याचदा आपला क्रमांक आठ-दहा गाड्यांवर आलेला असताना आतून हात हलविला जाई: "थाउ लैते." थाउ म्हणजे तेल, लैते म्हणजे नाही. मणिपुरी भाषेतले हे दोन शब्द आमच्या धाकट्या कन्येलाही इतके पाठ झाले की वरणावर तूप नसले तरी ती 'थाउ लैते' म्हणू लागली.

पंपावर नसलेले तेल रस्त्याच्या कडेला मात्र असे. बायका लाकडी स्टुलावर पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या मांडून बसत, शेजारी प्लॅस्टिकचे नरसाळे. पंपावरचा भाव साठ-सत्तर रुपयांच्या दरम्यान; ह्या बाटलीला दीडशे, मग पावणेदोनशे, कधी दोनशे. ह्यातले काही तेल मोरेकडून, सीमेपलीकडून येई. त्या वाटेवरून आणखीही एक वस्तू येई, ती म्हणजे 'केनबो' नावाची मोटारसायकल. चिनी घडणीची, सव्वाशे सीसीची, ब्रह्मदेशातून आलेली आणि बहुधा बिनपाटीची. डोंगरातल्या वाटांवर तिचेच राज्य होते. आमच्या एमएच २० कडे पाहून तिचे मालक सहानुभूतीने हसत.

बाटलीतल्या तेलाची परीक्षा करायला आम्ही शिकलो. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग दिलेला असतो. त्यामुळे बाटली उजेडाकडे धरून निळसर झाक दिसते का, हे प्रथम पाहावयाचे. मग कचेरीतला टीपकागद खिशातून काढून त्यावर एक थेंब. शुद्ध पेट्रोल पाहता पाहता उडून जाते आणि कागद कोरा राहतो. भेसळ असली तर डाग उरतो. बाटलीवाली इमा (आईला तेथे इमा म्हणतात, आणि बाजारातली प्रत्येक प्रौढ बाई इमाच) आमची ही तपासणी मोठ्या करमणुकीने पाहत असे. एकदा डाग उरला, तेव्हा तिने खांदे उडविले आणि वीस रुपये कमी केले. आम्ही ती बाटली घेतली. सरकारी लेखापरीक्षकाने आक्षेप नोंदवून रक्कम मंजूर करावी, तसेच ते झाले. पुढे चार दिवस गाडी धूर ओकत, खोकत चालली आणि प्लग काळा पडला.

पेट्रोल पुरविण्याच्या युक्त्या प्रत्येकाच्या निराळ्या. आम्ही चाळिसाच्या वर वेग नेला नाही. खोरे सपाट असल्यामुळे उताराचा फायदा नव्हता, पण चढाचा खर्चही नव्हता. चौकात उभे राहावे लागले की इंजिन बंद. थंगाल बाजारातल्या एका मिस्त्रीने कार्ब्युरेटरचा स्क्रू असा काही आवळून दिला की लिटरला पासष्टच्या ऐवजी सत्तर किलोमीटर पडू लागले. पण गाडी सकाळी सुरू होताना वृद्धासारखी कण्हू लागली. रिझर्व्ह लागल्यावरही संपले, तर गाडी एका अंगावर आडवी करावयाची. टाकीच्या दुसऱ्या बाजूला साचलेले थोडे कॉककडे येते आणि एक-दीड किलोमीटर निघून जाते. भररस्त्यात आपल्या गाडीला असे निजवून उभे असलेले गृहस्थ त्या दिवसांत पदोपदी दिसत, आणि कोणी कोणाला हसत नसे. रात्री नळी घालून टाकीतले तेल चोरणारेही निघाले. वसाहतीत आम्ही गाड्या साखळीने एकत्र बांधू लागलो.

गॅसच्या टाकीचे तर विचारूच नये. चारशेची टाकी दीड-दोन हजारांवर गेली, आणि तीही मिळेल तेव्हा. घरी चूल आली. इमा कैथेल, म्हणजे केवळ स्त्रियांनी चालविलेला इंफाळचा प्रसिद्ध बाजार, भरलेला दिसे, पण भरलेला तो खोऱ्यातल्या पालेभाज्यांनी आणि माशांनी. रस्त्याने येणारा बटाटा, कांदा, डाळ, साखर ह्यांचे भाव रोज निराळे. पगार मात्र तोच. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना तो महिनाअखेर मिळत तरी होता. रोजंदारीवर बांधकामाला जाणाऱ्या माणसाचे कामच थांबले होते, कारण सिमेंट आणि सळ्याही त्याच रस्त्याने येत.

त्या वर्षी गणेशचतुर्थी १ सप्टेंबरला, म्हणजे नाकेबंदीच्या बत्तिसाव्या दिवशी आली. दुर्गेच्या मूर्ती घडविणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही गणपती करवून घेत असू. त्याच्या हातचा गणपती कमरेत किंचित बारीक आणि डोळ्यांनी बंगाली असे, पण आम्हां सर्वांना तो फार आवडे. मूर्ती मांडीवर घेऊन एक जण मागे बसला, आम्ही चालविली. दर वर्षी पाच दिवसांचा असणारा गणपती त्या वर्षी दीड दिवसाचा केला, कारण रोज आरतीला जमण्याइतके पेट्रोल सहा घरांत मिळूनही नव्हते. नारळ मिळेना, तेव्हा मोदकांत हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरले. लहान मुलांनी ते मोदक आहेत हे मान्य करण्यास साफ नकार दिला.

ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेस भाऊबीज होती. त्याच तिथीला मणिपुरात 'निङोल चाकौबा' असतो. सासरी गेलेल्या लेकी-बहिणींना त्या दिवशी माहेरी जेवावयास बोलावतात. भावाने आधी आमंत्रण पाठवावयाचे आणि बहिणीने भाजी-फळे घेऊन, मुलाबाळांसह, नटूनथटून यावयाचे. मैतेई घरात ह्या दिवशी माहेरी न जाणे म्हणजे माहेर नसणे. एरवी त्या दिवशी इंफाळचे रस्ते फनेक नेसलेल्या आणि पातळ ओढणी घेतलेल्या स्त्रियांनी फुलून जातात. त्या वर्षी पंधरवडाभर आधीपासून बाटलीचा भाव चढू लागला. माणसे बहिणीसाठी पेट्रोल साठवीत होती. त्या सकाळी आम्ही लाम्फेलच्या वळणावर उभे राहून पाहिले: एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुले आणि मध्ये फळांची टोपली; सायकलच्या दांडीवर बसलेली मध्यमवयीन बाई, आणि घामाघूम झालेला तिचा तितकाच मध्यमवयीन भाऊ; आणि कित्येक जणी सरळ पायी, चपला हातात घेऊन. आमच्या सौभाग्यवती माहेरच्या आठवणीने त्या दिवशी गप्प होत्या. त्यांचा भाऊ जालन्याला.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ती सप्टेंबरच्या मध्याची आहे. आमच्या कचेरीतला शिपाई सदर हिल्सचा, कांगपोक्पीच्या वरच्या अंगाच्या एका गावचा कुकी. म्हणजे ज्या लोकांनी रस्ता रोखला होता, त्यांच्यातला. एके दिवशी दुपारी त्याला निरोप आला की वडील अत्यवस्थ आहेत. बस बंद. त्याच्याजवळ जुनी केनबो होती, पण टाकी कोरडी. कांगपोक्पी पंचेचाळीस किलोमीटर, आणि तेथून पुढे डोंगराची वाट. तो कोणाकडे काही मागायला आला नाही. रजेचा अर्ज टेबलावर ठेवून भिंतीशी उभा राहिला.

आमचे हेड क्लार्क मैतेई. नाकेबंदीवर रोज सकाळी सर्वांत अधिक चिडणारे तेच. त्यांनी अर्ज वाचला, खाली जाऊन पाणक्याकडून रबराची नळी आणली, आणि स्वतःच्या स्कूटरच्या टाकीत घालून तोंडाने ओढली. लिटरभर निघाले, स्कूटर तेथेच राहिली आणि ते त्या दिवशी दुसऱ्याच्या सायकलवर मागे बसून सिंगजामेईला घरी गेले. मग बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांची झाकणे उघडली. कोणी पाव लिटर, कोणी थोडे अधिक. आमच्या टाकीतून आम्ही अर्धा लिटर दिले आणि म्हणालो, "एवढेच आहे."

टाकीत एवढेच होते, हे खरे. परंतु आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, पाच लिटरचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. धाकटीला दम्याचा विकार. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागले तर, म्हणून तीन आठवडे बाटल्या जमवून तो भरला होता आणि कोणासही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. त्या रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, डब्यातले का नाही दिले?" आम्ही कारण सांगितले. कारण योग्यच होते. त्या काही बोलल्या नाहीत. वाढून झाल्यावर पाट सरकवून उठल्या.

नवव्या दिवशी शिपाई परत आला. वडील त्या खेपेस वाचले होते. येताना त्याने इस्कुसचे एक पोते आणले होते. डोंगरात वेलीवर लागणारी ही हिरवी भाजी आपल्याकडच्या दुधीच्या चवीची. त्याने ते सर्वांच्या टेबलांवर वाटले. प्रत्येकाला सहा. हेड क्लार्कना सहा आणि आम्हांलाही सहा. डबा नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तसाच भरलेला राहिला. मुलीला त्या काळात एकदाही रुग्णालयात न्यावे लागले नाही.

२०१३ मध्ये आमची बदली झाली. गाडी आम्ही तेथेच विकली. डिसेंबर २०१६ मध्ये तपासणीच्या निमित्ताने आठवडाभर पुन्हा इंफाळला जाणे झाले, तेव्हा ह्याच कथेचा दुसरा भाग चालू होता. सदर हिल्स आणि जिरीबाम हे जिल्हे होऊ घातल्याच्या विरोधात युनायटेड नागा कौन्सिलने १ नोव्हेंबर २०१६ पासून रस्ता रोखला होता. आणि आठ दिवसांत पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पेट्रोल बाटलीला तीनशे रुपये, आणि ते देण्यास खिशात चलन नाही. एकाच रस्त्यावर एका बाजूला पंपाची रांग आणि दुसऱ्या बाजूला बँकेची रांग आम्ही पाहिली. घरातले एक माणूस इकडे आणि एक तिकडे उभे. दुचाकी दुरुस्त करणारा थंगाल बाजारातला तो मिस्त्री दुकान उघडून रिकामा बसला होता. गाड्या बंद पडायला त्या आधी चालाव्या लागतात, असे तो म्हणाला. त्याच डिसेंबरात सरकारने सात नवे जिल्हे निर्माण केले. नऊचे सोळा झाले आणि त्यांत कांगपोक्पीही आला. नाकेबंदी १३९ दिवस चालून मार्च २०१७ मध्ये, नवे मंत्रिमंडळ आल्यावर, उठली. शिपाई आम्हांस भेटला. त्याच्या वडिलांनी जिल्हा पाहिला नाही; ते आदल्या वर्षी गेले. हेड क्लार्क निवृत्त झाले होते. दोघांनी मिळून आम्हांस एका दुपारी जेवू घातले, हेड क्लार्कांच्या घरी, आणि भाताबरोबर सुक्या मासळीची एरोम्बा इतकी तिखट होती की आमचे डोळे वाहू लागले, त्यावर दोघेही पोट धरून हसले.

रेल्वे आली की हे सारे संपेल, असे आमच्या वेळी सर्व जण म्हणत. जिरीबामकडून रूळ पुढे सरकत राहिले; २०२२ मध्ये आगगाडी खोंगसाङपर्यंत पोहोचली.

मे २०२३ मध्ये मणिपुरात जो हिंसाचार उसळला, तो वाचकांना ठाऊक आहे. खोऱ्यातली कुकी घरे डोंगरात गेली, डोंगरातली मैतेई घरे खोऱ्यात आली, आणि त्यांच्यामधला रस्ता आता कोणी मागणीसाठी अडविलेला नव्हता, तर कोणालाच ओलांडता येत नव्हता. आमच्या जुन्या कचेरीतल्या शिपायाचे कुटुंब पहिल्याच आठवड्यात गावी गेले. सिंगजामेईपासून त्याच्या जिल्ह्याच्या गावापर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. आमच्या गाडीला त्याला एक लिटरही लागत नसे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात हेड क्लार्कांचा आम्हांस दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर त्यांनी विचारले, त्याचा नवा नंबर तुमच्याकडे आहे काय? जुना लागत नाही. आमच्याकडे होता. आम्ही तो त्यांना एकेक आकडा करून सांगितला, आणि त्यांनी तो उलट वाचून दाखविला.